कूळ आणि कुळ: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

'कुळाचा शोध कुठून सुरू करावा' या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत ते चार दिवस माझ्या मनात घोळतंय. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंचे आजोबा चिपळूण तालुक्यात खोताचे कूळ होते, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची जमीन कसत होते, पुढे मुंबईत लालबागच्या एका गिरणीत लागले. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, नाशिकला घराण्याच्या पिढ्या वहीत लिहून ठेवणारे कुणी उपाध्याय नव्हते. मी मात्र सातबारा, नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या आणि छापील कुलवृत्तान्त एवढ्यावरच लेख संपवला. 'मग आम्हाला इतिहासच नाही असं समजायचं का?' असा ताईंचा सवाल आहे. आणि असला शोध ही सुखवस्तू माणसांची हौस आहे, त्यातून शेवटी जातीचा ताठाच निघतो, असंही त्यांचं म्हणणं आहे.

ताई, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या घरात जे कागद निघाले तेच सगळ्यांच्या घरात निघतील असं मी धरून चाललो. लेखभर 'कुळ, कुळ' करत राहिलो, पण दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही आपण कूळच म्हणतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्या प्रतिक्रियेतला 'खोताचे कूळ' हा शब्द वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. म्हणून लेखात जे यायला हवं होतं ते इथे लिहितो.

आजोबांच्या नावावर जमीन नव्हती म्हणजे सरकारी कागदात त्यांचं नाव नसेल, असं धरू नका. जुना सातबारा मिळाला तर कब्जेदाराच्या नावाशी थांबू नका. कुळाचं नाव लिहायची जागा त्यात वेगळी असते, आणि खालच्या पीकपाहणीत जमीन प्रत्यक्ष कोण कसत होतं ते वर्षावर्षाने लिहिलेलं असतं. कोकणात 1880 च्या खोती कायद्याखाली तयार झालेली 'बोटखतं' आहेत, त्यांत खोताबरोबर कुळांच्याही नोंदी सापडतात. खोती 1949 च्या कायद्याने गेली. कूळकायद्यात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन धरला, त्या दिवसापासून कसणारा मालक मानला गेला. मग जमिनीची किंमत ठरवायला त्याच कायद्याच्या कलम '32-ग'ची प्रकरणं चालली. ती प्रकरणं शोधाच. त्यांत कुळाचा जबाब असतो: जमीन कधीपासून कसतो, आधी वडील कसत होते का, खंड किती द्यायचो. एखाद्या शेतकऱ्याचं बोलणं सरकारदप्तरी लिहून घेतलं गेलं अशा जागा फार थोड्या आहेत, त्यातली ही एक. आजोबा तोवर मुंबईला गेले असतील तर त्यांच्या भावाचा, चुलत्याचा जबाब असेल.

दुसरी वही कोतवाल बुक, म्हणजे गावचा जन्म-मृत्यूचा नमुना 14. ती जमीन असलेल्या-नसलेल्या सगळ्यांची. जुन्या वह्या बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, नकलेसाठी अर्ज करावा लागतो. बऱ्याच मोडी लिपीत आहेत. जुन्या कागदांत आडनाव शोधत बसू नका, अनेकदा ते नसतंच. 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमुकचा मुलगा. 'वलद'चा अर्थही तोच. आणि 'कोम' दिसला तर थांबा: 'अमकी कोम तमका' म्हणजे तमक्याची बायको. माझ्या पणजीचं नाव मला त्या एका 'कोम'मुळे सापडलं. 1918 च्या तापसरीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत ती गेली, नोंदीत फक्त 'ताप' लिहिलंय. त्याच पानावर आठवड्याभरात आमच्या वाडीतली आणखी किती नावं होती ते मोजताना माझा हात थरथरला. घरात कुणी या साथीबद्दल कधी बोललंच नव्हतं. पणजोबांनी दुसरं लग्न का केलं, आजोबा मामाकडे का वाढले, हे सगळं त्या पानाने सांगितलं.

आता गिरणीचं. हजेरी कार्ड, तिकीट नंबर, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, फंडाची पावती यातलं काहीही घरात असेल तर जिवापाड जपा. 1982 च्या संपानंतर अनेक घरांनी ते सगळं बोचक्यात बांधून माळ्यावर टाकलं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा तीच बोचकी खाली आली. तुमच्या काकांनी अर्ज केला असेल तर कागद एकत्र लावलेले तयार मिळतील. पण याहून मोलाची वस्तू माझ्या मते वेगळी आहे. लालबाग-परळला गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या. गावातून आलेला माणूस आधी त्या खोलीत उतरायचा, वळकटी ठेवायचा, खानावळ लावायचा. अशा मंडळांनी वर्गणीच्या आणि सभांच्या वह्या ठेवल्या. कोण कधी आला, कुणी कुणाला कामाला लावलं, गावच्या देवळाला कुणी किती दिले, हे त्यात असतं. तुमच्या गावचं मंडळ अजून असेल तर जुन्या सेक्रेटरींना भेटा. लवकर भेटा, कारण खोल्या पाडून टॉवर होताहेत आणि अशा वह्या पहिल्या रद्दीत जातात.

उपाध्याय नव्हते म्हणालात. कोकणाबद्दल मी ठामपणे बोलणार नाही, पण देशावर, कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी फिरतात. शेतकरी घरांच्या पिढ्या त्यांच्याकडे लिहिलेल्या असतात, ते दारात येऊन वाचून दाखवतात आणि धान्य नाहीतर पैसे घेऊन जातात. मूळ लेखात मी त्यांचा उल्लेखही केला नव्हता.

वतनाबद्दलही लिहायला हवं होतं. ज्या महार वतनाविरुद्ध, म्हणजे पिढीजात गावकामाच्या सक्तीविरुद्ध, बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं, त्या वतनाच्या कागदांत राबणाऱ्यांची नावं आणि वाटण्या लिहिलेल्या आहेत. ते कागद वाचणं सोपं नाही. वाचायचे की नाही हे त्या घरातल्या माणसांनी ठरवायचं, मी आग्रह करणार नाही.

जातीच्या ताठ्याचं म्हणाल तर तो धोका खरा आहे, आणि कुठल्या तरी सरदाराशी धागा जुळेपर्यंत शोधत राहणारे मीही पाहिलेत. पण वंशावळ ही फक्त खाऊन-पिऊन सुखी माणसांची हौस आहे, हे मात्र मला पटत नाही. जात पडताळणीला ज्यांना उभं राहावं लागलं त्यांनी वंशावळ हौसेने काढली नाही. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. त्यापायी किती घरांतल्या मुलांनी आजोबांच्या शाळेचा दाखला, चुलत आजोबांचा शाळेच्या रजिस्टरातला निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल गोळा केली असेल! त्या फायलीतून दाखला निघाला की ती कपाटात जाते. ताई, तुमच्या घरात कुणाची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, झाली असेल तर ती फाईल उघडा. बहुतेक वेळा पहिला धागा तिथेच असतो. फक्त शाळेतली 1 जून ही जन्मतारीख खरी मानू नका, ती बहुधा गुरुजींनी दिलेली असते. त्यापेक्षा विचारा: कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू केवढी होतीस? गांधीहत्या झाली तेव्हा शाळेत जात होतास का? 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट तुमच्या भागातला म्हातारा माणूस विसरलेला नसतो.

आणि तुम्ही ज्यावर बोट ठेवलं नाहीत, पण माझ्या लेखात याहून मोठं भगदाड होतं, ते म्हणजे बायका. आमच्या वंशावळीत सात पिढ्या पुरुष आहेत. आजीच्या आईचं नाव विचारलं तर घरात एकालाही येईना. शेवटी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याने सांगितलं, तेही दोन नावं: माहेरचं एक, लग्नात बदललेलं दुसरं. मग तिने तिच्या आजीचं माहेर, त्या आजीच्या बहिणी कुठे कुठे दिल्या, कोणत्या गावाला कुणाचं बाळंतपण झालं, हे सगळं तासाभरात न अडखळता सांगितलं. एकही कागद नाही. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्याकडे आजी, मोठी मावशी, आत्या, कुणी असेल तर तहसीलला जायच्या आधी तिच्याजवळ बसा. मोबाईलवर आवाज मुद्रित करा, पण आधी तिला विचारून.

मूळ लेखाची सुरुवात मी आज बदलली आहे. सातबारा आणि नाशिक आता खाली गेलेत, वर घरातली वयस्कर बाई आणि कपाटातली फाईल आली आहे. तुमची प्रतिक्रिया तिथेच राहील, मी काढणार नाही.

चिपळूणला गेलात आणि बोटखताचं किंवा कोतवाल बुकाचं मोडी पान मिळालं तर फोटो पाठवा. मी मोडी सावकाश वाचतो, पण वाचतो. 'कोम' दिसला तर ते नाव सगळ्यात आधी कळवीन.