खोराना एकटे नव्हते

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा : हरगोबिंद खोराना झाडाखाली शिकले, त्यांना कुणी मदत केली नाही, भारताने त्यांना हाकलून दिलं, त्यांनी एकट्याने डीएनए शोधला आणि १९६८ चं नोबेल मिळवलं; तेव्हा अंगात हुशारी असली की शाळा-प्रयोगशाळेवाचून काही अडत नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण यातल्या बहुतेक गोष्टी चुकीच्या आहेत आणि शेवटचा निष्कर्ष तर आपल्या मुलांच्या मुळावर येणारा आहे.

झाडाखाली शिकले, हे खरं आहे. पंजाबातलं रायपूर हे जेमतेम शंभर वस्तीचं गाव, आता पाकिस्तानात आहे. पहिली चार वर्षं झाडाखालीच शाळा भरली.

मदत मिळाली नाही, हे साफ खोटं. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. घरची गरिबी होती, तरी मुलांना शिकवायचंच हा त्यांचा ध्यास होता, असं खोरानांनी स्वतः लिहून ठेवलंय. मुलतानच्या डीएव्ही हायस्कूलमधले रतनलाल आणि लाहोरचे महान सिंग या शिक्षकांची नावंही त्यांनी आवर्जून घेतली आहेत. १९४५ मध्ये लिव्हरपूलला गेले ते सरकारी शिष्यवृत्तीवर. ही माणसं त्या मजकुरातून पुसली गेली, याचा मला फार राग येतो.

हाकलून दिलं, हेही खरं नाही. १९४९ मध्ये ते परत आले तेव्हा फाळणी होऊन गेली होती, गाव पलीकडे राहिलं होतं आणि इथे नोकरी मिळाली नाही. देशाचं नुकसान झालंच, त्याबद्दल हळहळ वाटायलाच हवी. पण नोकरी न मिळणं वेगळं आणि हाकलणं वेगळं. १९६९ मध्ये याच देशाने त्यांना पद्मविभूषण दिलं.

आता डीएनए. तो स्विस शास्त्रज्ञ मिशर यांनी १८६९ मध्येच वेगळा काढला होता आणि त्याची रचना १९५३ मध्ये कळली. पेशी त्यातला मजकूर वाचते कशी, हे कोडं उरलं होतं. या मजकुराची अक्षरं, म्हणजे रासायनिक घटक, चार; शब्द तीन-तीन अक्षरांचे, म्हणजे एकूण ६४ शब्द; आणि बहुतेक शब्दांचा अर्थ एकेक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एकेक मणी. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई या शास्त्रज्ञांनी नुसत्या ‘यू’ अक्षरांचा आरएनए (डीएनएतला मजकूर प्रथिन बनवण्यासाठी नेणारी नक्कल) वापरून पहिल्या शब्दाचा अर्थ लावला. खोराना मुळात रसायनशास्त्रज्ञ. अक्षरांचा क्रम आधीच ठाऊक असलेले रेणू ते घडवू शकत होते. ‘यूसीयूसीयूसी’ अशी माळ दिली की तीन-तीनच्या वाचनात ‘यूसीयू’ आणि ‘सीयूसी’ आळीपाळीने येतात. तयार झालेल्या प्रथिनातही सेरीन आणि ल्युसीन ही दोन अमिनो आम्लं आळीपाळीनेच आली. संकेत तीन अक्षरांचाच, याचा इतका स्वच्छ पुरावा वाचताना आजही अंगावर काटा येतो. नोबेल निरेनबर्ग, हॉली आणि खोराना अशा तिघांना मिळून होतं.

राहिला निष्कर्ष. कॅनडातल्या व्हँकूवरला १९५२ मध्ये ते गेले तेव्हा तिथे साधनं तुटपुंजी होती, पण काम करायची पूर्ण मोकळीक होती, हे त्यांनीच नोंदवलंय. मात्र त्याआधी लिव्हरपूल, झुरिक आणि केंब्रिजमध्ये त्यांचा हात तयार झाला होता. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात आणि एमआयटी या संस्थेत सहकाऱ्यांचा मोठा ताफा होता. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या कॅरुथर्स यांनी डीएनएचे छोटे तुकडे बनवण्याची आज सर्वत्र चालणारी रीत पुढे विकसित केली. आपल्या खाड्यांकाठचे कोळंबीवाले तळ्यात बीज सोडण्याआधी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी पीसीआर (रोगजंतूचा डीएनए वाढवून ओळखणारी चाचणी) करून घेतात, त्यात असलेच तुकडे लागतात.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. मुलं हुशार आहेत, हे कुणाला पटवून द्यायची गरज नाही. कमी पटाच्या शाळा बंद करण्याची चर्चा चालू असताना ‘शाळेवाचून अडत नाही’ हे वाक्य खोरानांच्या नावावर फिरवू नका. फिरवायचंच असेल तर रतनलाल आणि महान सिंग यांची नावं घालून फिरवा, आणि आपल्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मुलांच्या हाताला परीक्षानळी लागते का, हे येत्या पालकसभेत विचारा.