अनफिट ठरलेल्यांची नोंद कोण ठेवतो?

परदेशी जाणाऱ्यांच्या क्षयरोग तपासणीवरचा लेख वाचला. या वैद्यकीय तपासणीतील क्षयरोगाची माहिती जमवल्याने, माणूस ज्या देशात जातो त्या देशाला रुग्ण लवकर सापडतो, हे लेखातील विधान योग्यच आहे; पण ज्याला जाताच आले नाही त्याच्या माहितीचे पुढे काय होते, हा प्रश्न लेखात आलेला नाही. अमेरिकेची पद्धत निदान आखीव तरी आहे: एक्स-रेमध्ये संशय आला की थुंकीचे तीन नमुने घेतात, २००७ च्या नियमांपासून त्यांचे कल्चरही करतात, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहतात (निकालाला आठ आठवडेसुद्धा लागतात), आणि अशांपैकी व्हिसा मिळालेल्याची नोंद तो राहणार असलेल्या राज्याच्या आरोग्य खात्याकडे जाते.

आमच्या राजापूरकडची माणसे मात्र जास्त करून आखातात जातात. माझे भावोजी कुवेतला निघाले होते, तेव्हा मुंबईतील एका तपासणी केंद्राने फुप्फुसावरचा जुना व्रण पाहून त्यांना ‘अनफिट’ ठरवले. थुंकी तपासली नाही, की पुढे कुठे जायचे तेही सांगितले नाही. ते रात्रीच्या गाडीने परतले आणि ताईने एक्स-रेचा लिफाफा, शेजाऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून, तांदळाच्या पिंपामागे सरकवून ठेवला. दोन महिन्यांनी, मी फारच मागे लागल्यावर, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली गेली आणि सुदैवाने काही निघाले नाही. क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, त्यासाठी ‘निक्षय’ हे सरकारी ऑनलाइन पोर्टलही आहे. मग अशा संशयितांची नावे निदान जिल्हा क्षयरोग केंद्राला कळवायला काय हरकत आहे?