ट्रक आज बंद हाय, उद्या या!

चार महिने झाले, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दरवेळी हेच ऐकतोय. हेवी लायसनसाठी चारचाकीचं लायसन किमान वर्षभर जुनं लागतं, माझं तीन वर्षांचं आहे. फॉर्म १-ए, म्हणजे तब्येतीच्या दाखल्यावर डॉक्टरची सही झाली. पण ड्रायव्हिंग स्कूलनं फॉर्म ५, म्हणजे शिकून झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय पुढं सरकत नाही, आणि त्यांचा ट्रक कायम बंद! बुधवारी शिरोलीहून पहाटे उठून गेलो, तर चाकांभोवती गवत वाढलेलं, बॅटरीचा खोका रिकामा. स्टेअरिंग हातात आलं दोनदाच, तेही मैदानात, दुसऱ्या गिअरच्या वर नाही. उद्या उसानं भरलेली गाडी घेऊन मला शाळा सुटायच्या वेळी गावातनं जायचंय, कळतंय का? कच्चं लायसन सहा महिन्यांचं. संपलं की परत फी, परत हेलपाटे. गळीत हंगाम तोंडावर आलाय. पैसे पुरते मोजून घेतलेत, मग शिकवा की नीट!