लाख किलोमीटर झालेल्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदलू नका म्हणतात, ते चूक आहे

जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली असं चार लोकांना सांगा, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर तो मेसेज येतोच. मला तिघांनी पाठवला. त्यात म्हटलंय की लाखाच्या वर गेलेल्या गाडीच्या गिअरबॉक्स ऑइलला हात लावू नका, कंपनीने ते लाइफटाइम दिलेलं असतं, आणि आता गिअरबॉक्सच्या आतले क्लच जुन्या ऑइलमधल्या कचऱ्यावरच पकडतायत, नवीन ऑइल तो कचरा धुऊन काढतं आणि महिन्याभरात गाडी बसते. माझी गाडी २०११ ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक, पुण्यात घेतली तेव्हा १ लाख १८ हजार पळालेली, आणि सर्व्हिसच्या कागदांत गिअरबॉक्स ऑइलचा कुठे उल्लेखच नाही. मी ते बदललं. लिहायला बसलो कारण हा मेसेज वाचून लोक चांगले चालणारे गिअरबॉक्स वाया घालवतायत, आणि तेही गाडीच्या काळजीपोटी.

आधी ते लाइफटाइम. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत ऑइल लाइफटाइम असल्याचं सांगितलं गेलं, पण त्यातले कितीतरी गिअरबॉक्स बनवते झेडएफ ही जर्मन कंपनी, आणि ती स्वतः सांगते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला. ज्याने डबा, म्हणजे गिअरबॉक्स, बनवला त्याचं ऐकायचं की व्हॉट्सॲपचं? आणि आपल्याकडचं वापरणं बघा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला ऑइलने भरलेला भाग) इंजिन आणि चाकं यांच्यात लोखंडी जोड नसतो, ऑइल ढकलून ताकद पुढे जाते, आणि हळू चालताना त्या ढकलाढकलीत बरीच ताकद उष्णतेत जाते. वेग आला की आतला क्लच लॉक होतो आणि ऑइल निवतं. पण संध्याकाळी हिंजवडीहून निघालेली गाडी लॉक होण्याइतका वेग घेतेच कुठे, तास-दीड तास नुसती सरकत असते. त्यामुळे मीटरवरचे लाख किलोमीटर हायवेचे आहेत की शहरातले याने सगळा फरक पडतो आणि जुनी गाडी घेणाऱ्याला ते बहुतेक वेळा माहीतच नसतं.

आता कचऱ्यावर क्लच पकडतात ते. हे ऐकायला इतकं पटतं की मीही आठवडाभर थांबलो होतो. पण क्लच प्लेटला पकड मिळते ती तिच्या अस्तरामुळे, ऑइलच्या दाबामुळे आणि ऑइलमध्ये मुद्दाम घातलेल्या रसायनांमुळे, आणि ती रसायनं उष्णतेने हळूहळू संपतात. तरंगणारा चुरा पकड वाढवायला थांबत नाही, तो फिल्टरमध्ये अडकतो, सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांमध्ये, शिरतो, व्हॉल्व्हच्या बारीक वाटा घासतो. एखादा क्लच खरंच चुऱ्याच्या जिवावर उभा असेल तर तो गेलेलाच आहे, ऑइल ठेवा नाहीतर काढा. आणि नवीन ऑइल धुऊन टाकतं म्हणे, अहो गाडी शोरूममधून निघाली तेव्हा तिच्यात तसलंच ऑइल होतं की, तेव्हा काय धुतलं त्याने?

मग बदलल्यावर गाड्या बसतात कशा? बसतात, ते खोटं नाही. पण लोक गिअरबॉक्स ऑइलची आठवण काढतात कधी, तर डीवर टाकल्यावर दणका बसायला लागला, चढावर गाडी नुसती रेस होतेय आणि ओढत नाही, तेव्हा. तोपर्यंत अस्तर जळालेलं असतं, ऑइलने ते परत येत नाही, आणि पुढच्या महिन्यात डबा उघडावा लागला की दोष नव्या ऑइलवर. अशा आधीच स्लिप होणाऱ्या गाडीला ऑइल बदलून बरं वाटेल असं मीही कुणाला सांगणार नाही. आमच्या ओळखीतल्या एका गाडीचं तर वेगळंच झालं, गॅरेजवाल्याने समोर होतं ते लाल ऑइल ओतलं, कोणतं ते विचारूही दिलं नाही, आणि पातळीही कमी ठेवली. रंग लाल म्हणजे सगळं एकच असं नसतं! माझ्या सिटीला होंडाचं डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या काहींना एसपी-३ तर काहींना एसपी-४, सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) तर ऑइलच वेगळं. आणि मारुतीच्या एजीएससारख्या एएमटीमध्ये मुळात मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर मशीन बदलतं, तिथे हा मेसेज लागूच होत नाही, तरी एएमटीवाले पण घाबरून बसलेत.

मेसेजमधली एक भीती मात्र मला रास्त वाटते, ती मशीनने दाबाने फ्लश करण्याची, म्हणजे सगळं जुनं ऑइल एकदम बाहेर ढकलण्याची. वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम हलवू नये. पण त्याला उपाय साधा आहे, बोल्ट काढून निघेल तेवढंच काढायचं आणि तेवढंच भरायचं. माझ्या गाडीतून एका वेळी साधारण अडीच लिटर निघतं, आत एकूण सहाच्या आसपास, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणजे एकदा केलं तर निम्म्याहून जास्त जुनंच उरतं, तीनदा केलं की पाचातले चार भाग नवं. मी तीनदा केलं, मध्ये हजारेक किलोमीटर चालवून. पहिल्यांदा निघालेलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट होतं पण जळका वास नव्हता, आणि ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप होता. तो लेप चालतो. हाताला टोचणारे तुकडे लागले असते तर मी तिथेच थांबून आधी डबा दाखवला असता. दुसऱ्या वेळेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला हलका झटका गेला, खंबाटकी घाटही चढून आलो.

गॅरेजमध्ये उभे राहा आणि जुनं ऑइल मोजून घ्यायला लावा, जितकं निघालं तितकंच आत. ज्या गाडीत भरायचा बोल्ट वेगळा असतो तिथे तो आधी सैल करून बघा, मगच खालचा काढा, नाहीतर ऑइल जमिनीवर आणि भरायची जागा गंजून घट्ट. पातळी बघायची पद्धतही प्रत्येकाची निराळी, कित्येक गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, माझ्यात गाडी गरम करून इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांत ऑइल मोजायची पट्टी बघायची असते. मेकॅनिक म्हणाला चालूच ठेवा, मी मॅन्युअलचं पान काढून दाखवलं, मग बंद केली.