फोन बदलला की पुन्हा तेच!

आईचा फोन बदलला. जुन्यातलं सगळं नव्यात आणायचं काम अर्थात माझं. दर तीन वर्षांनी हेच, आणि दर वेळी अख्खा रविवार जातो!

फोटो आले, नंबर आले. बँकेच्या ॲपमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून: सिम नव्या फोनमध्ये घाला, तिथून एसएमएस जाऊ द्या, डेबिट कार्डाचे आकडे टाका. ते एक वेळ ठीक, पैशांचा मामला आहे. पण चॅट? नंबर तोच, ॲप तेच, तरी मार्चनंतरचे सगळे मेसेज गायब! का, तर क्लाउडवरची फुकटची जागा संपली आणि बॅकअप तेव्हापासून बंदच. अहो, निदान ठळकपणे सांगा तरी! त्यात मावशीचे व्हॉइस मेसेज होते. मावशी जूनमध्ये गेली. आई रोज रात्री ते ऐकते.

दुकानदार एक्स्चेंजसाठी "आत्ताच फॉरमॅट करून द्या" म्हणून मागे लागला होता. दिला नाही म्हणून वाचलो. आता सिम परत जुन्यात, तिथे नव्याने बॅकअप, मग पुन्हा नव्यात. दोन तास झाले, पट्टी ९७ टक्क्यांवर अडकलीय आणि आई दर पाच मिनिटांनी विचारतेय, "आलं का रे?"