‘मूल तर खेळतंय, मग चाचणी कशाला?’

घरात कुणाला फुप्फुसाचा टीबी निघाला की चार-दोन दिवसांत त्या घरातल्या फोनवर एक मजकूर येऊन पडतोच. पाठवणारा बहुधा काळजीपोटीच पाठवतो. मजकुराचा सारांश असा: टीबीच्या चाचणीसाठी मुलांना उगाच टोचत बसू नका. मूल खोकत नाही, खेळतंय, टीबीवरची बीसीजी लस दिलेली आहे. बीसीजी घेतलेल्यांची चाचणी पॉझिटिव्ह येतेच, तिला अर्थ नाही. आणि एकदा पॉझिटिव्ह आली की मुलावर टीबीचा शिक्का बसणार, धडधाकट पोराला महिनोन्‌महिने जड औषधं खावी लागणार. त्यापेक्षा आजारी माणसाचं ताट-भांडं वेगळं करा. फारच वाटलं तर एकदा चाचणी करा, निगेटिव्ह आली की विषय संपला. शेवटी हुकमाचा एक्का: पाच वर्षांखालच्या मुलांना चाचणीची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते!

हा एक्का आधी घेते, कारण बाकीचा मजकूर त्याच्याच जोरावर खरा वाटतो. शिवाय तो अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीशी भांडणं जास्त कटकटीचं असतं.

संघटनेचं म्हणणं साधारण असं आहे. घरातल्या माणसाला फुप्फुसाचा टीबी आहे आणि त्याच्या बेडक्यात जंतू सापडले आहेत. त्याच घरात पाच वर्षांखालचं मूल आहे. तर त्या मुलाला डॉक्टरांनी नीट तपासावं, त्याला टीबीचा आजार झालेला नाही याची खात्री करावी, आणि आजार नसेल तर प्रतिबंधक औषध सुरू करावं. लागण ओळखणारी चाचणी उपलब्ध नसली तरीही. एचआयव्ही असलेल्यांनाही हाच नियम. म्हणजे मूळ सांगणं ‘चाचणीसाठी औषध अडवू नका’ असं होतं. फोनाफोनी होता होता त्यातलं औषध गळालं, तपासणी गळाली, आणि उरलं फक्त ‘चाचणी नको’.

एवढी घाई का, ते आकड्यांत दिसतं. टीबीवर औषधंच नव्हती त्या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी नंतर एकत्र केल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला लागण झाली आणि काहीच केलं नाही, तर ३० ते ४० टक्के बाळांना फुप्फुसाचा किंवा छातीतल्या गाठींचा टीबी व्हायचा, आणि आणखी १० ते २० टक्के बाळांच्या तो मेंदूच्या आवरणापर्यंत जायचा किंवा अंगभर पसरायचा. वर्ष ते दोन वर्षं या वयात धोका उतरतो, पाच ते दहा या वयात सगळ्यात कमी असतो, आणि वयात येताना पुन्हा चढतो. निरोगी प्रौढाला लागण झाली तर आयुष्यभरात आजार होण्याची शक्यता ५ ते १० टक्के धरतात. लहान मुलांत आजार व्हायचाच असेल तर बहुतेक वेळा लागणीनंतर वर्षाच्या आत होतो. म्हणून आठ महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे वाक्य फार महाग पडू शकतं.

पाच वर्षांवरच्या मुलांचं गणित जरा वेगळं. त्यांनाही प्रतिबंधक औषध देता येतं, २०१८ पासून संघटनेच्या मार्गदर्शनात घरातली मोठी माणसंसुद्धा आली आहेत. पण या वयात धोका कमी असल्याने कुणाला औषध द्यायचं हे ठरवायला चाचणीचा उपयोग जास्त होतो. गंमत अशी की मजकूर लहानग्यांसाठीचा नियम सांगतो आणि लावतो सगळ्या मुलांना.

आता ‘खोकत नाही, खेळतंय’. लागण आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या मजकुरात त्या पहिल्या ओळीपासून एकमेकींत मिसळल्या आहेत. लागण म्हणजे जंतू अंगात शिरले, पण शरीराने त्यांना दाबून ठेवलंय. अशा मुलाला काहीच होत नसतं. खेळणारच ते! चाचणी त्याच टप्प्यासाठी आहे. खोकला, ताप, वजन घटणं सुरू झालं की ती लागणीची चाचणी मागे पडते आणि आजाराच्या तपासण्या पुढे येतात.

शिवाय लहान मुलाचा आजार मोठ्यांसारखा दिसत नाही. खोकला असेलच असं नाही. वजनाच्या तक्त्यावरची रेघ दोन-तीन महिने आडवी चालते, मूल खेळता खेळता लवकर दमतं, ताप येतो-जातो. बेडका तर ते काढतच नाही, गिळून टाकतं. म्हणून लहान मुलाचे जंतू शोधायला सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आत, नळीने पोटातला द्राव काढावा लागतो, किंवा आता शौचाचा नमुनाही तपासता येतो. एवढं करूनही जंतू हाती लागत नाहीत असं पुष्कळदा होतं. मेंदूच्या आवरणाचा टीबी सुरू होताना तर मूल नुसतं किरकिरं होतं, ओकतं, पेंगतं. खोकल्याची वाट बघायची ठरवली तर इथे ती बघतच राहाल.

बीसीजीचा मुद्दा मला स्वतःला सगळ्यात रोचक वाटतो, कारण या लसीचा जन्मच अशा घरात झाला. १९२१ साली पॅरिसमध्ये ही लस पहिल्यांदा माणसाला दिली गेली, आणि तो माणूस म्हणजे एक नवजात बाळ होतं. आई टीबीने बाळंतपणानंतर लगेच गेली होती. बाळ सांभाळणार होती आजी, आणि तिलाही टीबी होता. घरातल्या माणसापासून बाळाला वाचवायचं, हाच त्यामागचा विचार. त्याला शंभरावर वर्षं झाली. लसीने खूप दिलं: लहान मुलांचा मेंदूचा आणि अंगभर पसरणारा टीबी ती बऱ्यापैकी रोखते. पण लागण होऊच देत नाही, किंवा फुप्फुसाचा टीबी होऊच देत नाही, असं नाही. ती हेल्मेट आहे, आणि हेल्मेट घातलंय म्हणून डोकं आपटल्यावर तपासायचं नाही असं कुणी करत नाही.

‘बीसीजीमुळे चाचणी पॉझिटिव्हच येते’ यात थोडं तथ्य आहे, पण ‘च’ चुकीचा. जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीचा त्वचेच्या चाचणीवरचा परिणाम वर्षागणिक ओसरतो. दहा वर्षांनंतर केवळ लसीमुळे पॉझिटिव्ह येणारं मूल शंभरात एखादं. आणि घरात जंतू सोडणारा रुग्ण असताना मुलाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर आधी बोट लशीकडे दाखवायचं की रुग्णाकडे? तरीही शंका असेल तर रक्ताची चाचणी आहे, इग्रा. तिच्यामागची गोष्ट छान आहे. बीसीजी तयार करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ काल्मेत आणि गेरँ यांनी गाईंच्या टीबीचा जंतू १९०८ पासून तेरा वर्षं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून मवाळ केला. त्या खटाटोपात त्याने आपल्या जनुकांचा एक तुकडा गमावला. त्या तुकड्यातून जी प्रथिनं बनतात, ती टीबीच्या जंतूत आहेत, लसीत नाहीत. इग्रा नेमकी त्यांचीच आठवण रक्तातल्या पेशींना विचारते. त्यामुळे लस घेतली असली तरी तिचा निकाल बिघडत नाही. अगदी तान्ह्या बाळांत मात्र तिचं उत्तर कधी कधी ‘सांगता येत नाही’ असं येतं, हेही खरं. त्याच प्रथिनांवर बेतलेल्या त्वचेच्या नव्या चाचण्यांनाही जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्यता दिली.

माँटू चाचणी, म्हणजे त्वचेची ती जुनी चाचणी, ‘वाचतात’ कशी, हे एकदा जवळून बघायला हवं, म्हणजे ‘अर्थ नाही’ म्हणणारे जरा थांबतील. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या अगदी वरच्या थरात ०.१ मिली ट्युबरक्युलिन, म्हणजे टीबीच्या जंतूपासून काढलेली प्रथिनं, टोचतात. बरोबर टोचलं तर तिथे डाळीएवढा पांढरट फुगा उठतो आणि थोड्या वेळात जिरतो. मग ४८ ते ७२ तासांनी मुलाला परत आणायचं. लाली मोजायची नसते. बॉलपेन घेऊन बाहेरून त्या जागेकडे हलक्या हाताने रेघ ओढत न्यायची. कडक कातडीशी पेन अडलं की थांबायचं. दुसऱ्या बाजूनेही तसंच. दोन रेघांच्या टोकांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं, तेही हाताच्या आडव्या दिशेने. घरातच रुग्ण असलेल्या मुलात ५ मिलिमीटरलाही पॉझिटिव्ह धरतात. ‘लाल झालंय, पॉझिटिव्ह दिसतंय’ असा फोनवरच्या फोटोवरून निकाल देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना हे पेन दाखवावं.

‘पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचा शिक्का’ याचं उत्तर १९०७ पासून तयार आहे. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ट्युबरक्युलिन त्वचेवर लावून मुलं तपासायला सुरुवात केली, तेव्हा आजाराचं एकही लक्षण नसलेल्या कितीतरी मुलांची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्यावरून त्यांनी ‘सुप्त’ टीबीची कल्पना मांडली. सुप्त लागण असलेलं मूल कुणाला टीबी देत नाही. त्याला घरी बसवायचं कारण नाही, वेगळं झोपवायचंही नाही. खरं तर लागण झालेलं मूल घरातल्या मोठ्या माणसाकडून काय शिरलं त्याची खबर देतं. दोष द्यायचा तर तो निदानाला झालेल्या उशिराला द्या.

औषधांची भीती समजू शकते. पूर्वी आयसोनियाझिड हे एकच औषध सहा-नऊ महिने रोज, हाच एक रस्ता होता. आता तीन महिने रोज दोन औषधं, किंवा आठवड्यातून एकदा असे एकूण १२ डोस, असे आखूड पर्याय आहेत. वय आणि वजन पाहून डॉक्टर ठरवतात. यकृताला त्रास होऊ शकतो, पण मुलांत तो मोठ्यांपेक्षा बराच कमी. उलट्या, पोटदुखी, डोळे पिवळे दिसले तर गोळ्या थांबवून लगेच दाखवायचं. रिफाम्पिसिन, रिफापेंटिन अशा रिफा गटातल्या औषधाने लघवी नारिंगी होते, त्याने घाबरायचं नाही.

‘एकच औषध दिलं तर जंतू निर्ढावतात’ असंही त्या मजकुराच्या एका आवृत्तीत वाचलं. यामागचा हिशेब सोपा आहे. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एखादा आपोआप तयार होतो. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णाच्या अंगात जंतू कोट्यवधी असतात, म्हणून त्याला एका औषधावर ठेवलं तर तो ‘एखादा’ जिंकतो. सुप्त लागणीत जंतू मूठभर, त्यांच्यात असा निघण्याची शक्यता नगण्य. म्हणून औषधाआधी आजार नाही ना हे तपासणं, गरज वाटल्यास छातीचा एक्सरे काढणं, यात कुचराई नको. घरातल्या रुग्णाचाच टीबी नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल, तर मात्र मुलाचं औषधही वेगळं असतं. त्यासाठी २०२४ मध्ये लिव्होफ्लॉक्सॅसिन या औषधाची शिफारस झाली. रुग्णाचा अहवाल मुलाच्या डॉक्टरांना दाखवायचा तो यासाठी.

ताट-भांड्यांबद्दल एका ओळीत: टीबी हवेतून पसरतो, वाटीतून नाही. भांडी वेगळी केल्याने फक्त आजारी माणसाला एकटं वाटतं. आईला टीबी असला तरी तिचं दूध बाळाला चालतं. खबरदारी तिच्या श्वासाची घ्यायची, औषधं वेळेवर, खिडक्या उघड्या, तोंडावर मास्क.

आणि ‘निगेटिव्ह आली की विषय संपला’. सगळ्या मजकुरात मला याचीच धास्ती वाटते, कारण हे ऐकून घर निवांत होतं. जंतू शिरल्यावर शरीर त्यांची ओळख पटवून चाचणीत दिसण्याइतकं तयार व्हायला दोन ते आठ आठवडे घेतं. परवा निदान झालं आणि आज मुलाला टोचलं, तर आलेला निगेटिव्ह कदाचित फक्त एवढंच सांगतो, की अजून कळायला वेळ आहे. कुपोषण, नुकताच झालेला गोवर, एचआयव्ही, इतकंच काय, बळावलेला टीबीसुद्धा निकाल निगेटिव्ह आणू शकतो. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलाला पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी, आजार नाही असं पाहून, औषध सुरू करतात आणि आठ ते दहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. ती दुसरी तारीख बहुतेक घरं विसरतात. आणि ती निदानाच्या दिवसापासून मोजायची नाही. मुलाचा रुग्णाशी धोक्याचा संपर्क ज्या दिवशी तुटला, त्या दिवसापासून मोजायची. रुग्ण औषधं टाळतोय आणि रात्री त्याच खोलीत खोकतोय, तर आठ आठवडे अजून सुरूच झालेले नाहीत.