या राजेहो, मेळघाटात गोल्फ खेळू

राजेहो, सोयाबीनचा भाव बघून बघून डोळे दुखले असतील, पऱ्हाटीच्या बोंडात गुलाबी अळी न् घरात बँकेची नोटीस दोघी सोबतच आल्या असतील, तर आता टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे सातपुडा हाये. इतकी वर्षं आपण त्याचा उपयोग काय केला तर मे महिन्यात पोरासोरांना गाडीत कोंबून चिखलदऱ्याला न्यायचं, देवी पॉइंटवर फोटो काढायचे, मक्याचं कणीस खायचं अन् संध्याकाळी परतवाड्याला उतरायचं. याच्यात पैसा कुठंय? पैसा गोल्फमध्ये हाये. दोन रात्री, तीन दिवस, सकाळी गोल्फ, रात्री चुलीवरचं लोकल जेवण, असं पॅकेज काढा अन् पुण्या-मुंबईच्या पाव्हण्याला बोलवा. कसं करायचं ते मी सांगतो, सल्ल्याची फी नंतर बघू.

पहिली गोष्ट, मीटिंगमध्ये कोणी 'पण भाऊ, आपल्यात गोल्फ येते कोनाले?' असं विचारलं तर त्याला चहा सांगायला बाहेर पाठवा. जाहिरात करायला गोल्फ यायची गरज नसते. फोटोतला माणूस थोडा वाकलेला पाहिजे, टोपी पांढरी पाहिजे, मागे डोंगर पाहिजे, बस. तरी चारचौघात फजिती नको म्हणून थोडं पाठ करून ठेवा. मैदानात अठरा भोकं असतात, आधी बावीस होती, सेंट अँड्र्यूजवाल्यांनी १७६४ मध्ये अठरा केली. भोक सव्वाचार इंचाचं. खेळणाऱ्याच्या थैलीत जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात, अन् ती थैली तो स्वतः उचलत नाही, त्याच्यासाठी माणूस ठेवतात, त्याला कॅडी म्हणतात, म्हणजे आपल्या पोट्ट्यांना रोजगार आला की नाही! बीए, डीएड करून घरी बसलेत, उचलतील थैल्या. स्कॉटलंडच्या राजानं १४५७ मध्ये या खेळावर बंदी घातली होती कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून हेच करत बसायचे, पण हे ब्रोशरमध्ये टाकू नका, आमदार साहेबांना नारळ फोडायला बोलवायचंय.

आता कोणी म्हणेल डोंगरात गोल्फ कसा? काऊन नाही? काश्मीरात गुलमर्गला २,६५० मीटरवर खेळतात, शिमल्याजवळ नालदेहऱ्याला तर लॉर्ड कर्झनचा जीव जडला होता, पोरीचं नाव त्यानं त्या जागेवरून ठेवलं. आपलं चिखलदरा १,१०० मीटरच्या थोडं वर. उंचावर हवा विरळ असते म्हणून बॉल जास्त लांब जातो, हे खरं विज्ञान हाये, आपल्या उंचीवर ते थोडंसंच लागू पडतं पण 'थोडंसं' हे बारीक अक्षरात छापता येतं. अन् इतिहास तर आपल्याकडे पोत्यानं पडलाय. भीमानं कीचकाला मारलं न् दरीत फेकलं म्हणून कीचकदरा, त्याचंच पुढे चिखलदरा झालं म्हणतात. एका दणक्यात थेट खाली. गोल्फमध्ये याला होल-इन-वन म्हणतात, ही लाइन माझ्याकडून फुकट घ्या. गाविलगडावर १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांच्या वेलस्लीनं हल्ला करून किल्ला घेतला, हाच पुढं वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, तर 'वेलिंग्टन सूट' नावाची एक खोली काढा अन् भाडं दीडपट लावा. मग १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सननं चिखलदऱ्याचा शोध लावला असं लिहा. कोरकू आदिवासी तिथंच होते म्हणा आधीपासून, पण ते हरवलेलेच नव्हते तर शोध कसा लागणार.

जागेचं बघू. अठरा भोकांना सव्वाशे-दीडशे एकर लागते अन् ती फार चढउताराची नको. मेळघाटात सपाट जागा असते कुठं? जिथं कोणाचं तरी वावर हाये तिथं. बाकी सगळा उतार, दगड, साग न् वनखातं. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यात आपला मेळघाट होता, वाघाला जागा पाहिजे म्हणून गावंच्या गावं पुढं खाली उतरवली, लोकांनी ऐकलं. वाघासाठी उठले तर पाव्हण्यासाठी नाही उठणार? ग्रामसभेचा ठराव लागतो, तर तो पेरणीच्या दिवसात ठेवा, लोक वावरात असतात, सह्या निवांत होतात.

अन् मग गवत. राजेहो, इथं मला तुमच्या धीराची परीक्षा घ्यायचीय. आयुष्यभर आपण काय केलं? गवत काढलं. डवरे फिरवले, बायांना रोजानं निंदणाला लावलं, तणनाशकाच्या डब्यांची उधारी कृषी केंद्रात अजून बाकी हाये, रात्री झोपेत पण बांधावरचा हरळीचा कांडा दिसते आपल्याला. आता तीच हरळी, तिच्या कुळातलीच हायब्रीड बाई, ती बर्म्युडा ग्रास या नावानं विकत आणायची, तिला युरिया द्यायचा, मशीननं रोज केस कापल्यासारखी कापायची न् कापलेलं गवत ढोराला टाकायचं नाही. का नाही टाकायचं? औषध मारलेलं असते म्हणून. तुमच्या बापाला हे समजावून सांगा. म्हातारा आधी तुमच्या तोंडाकडं बघेल, मग गवताकडं, अन् मग म्हणेल, 'बाबू, लय पैसा झाला काय तुह्याजवळ?'

हे गवत पाणी पिते. किती? कोरड्या गरम भागातल्या अठरा भोकांच्या मैदानाला उन्हाळ्यात रोजचं पाणी लाखो लिटरमध्ये मोजतात. आपण कमीच धरू, साडेपाच लाख लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाचं ५५ लिटर पाणी ठरवलंय, म्हणजे आपलं गवत दहा हजार माणसांचं पाणी पिणार. हा हिशोब मी फक्त तुम्हाला सांगून राहिलो, पुढं जाऊ देऊ नका. कारण आपल्याकडची गंमत अशी की पावसाळ्यात ढग घरात शिरतात, दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अन् सगळा सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार अशा नद्यांनी तापीकडं निघून जातो, काळा दगड पाणी धरत नाही, मग एप्रिलमध्ये त्याच डोंगरावरच्या गावात टँकर येतो. टँकर आला की तो विहिरीत ओततात न् बाया वरून बादल्या सोडतात. म्हणून पाव्हण्याची गाडी अन् टँकर एका वेळी घाटात येऊ देऊ नका. आलेच समोरासमोर तर टँकरवर 'वॉटर फीचर' असं लिहून घ्या.

पावसाळ्यात धुकं इतकं की स्वतःचा बूट दिसत नाही, बॉल कुठून दिसणार. नियमाप्रमाणे हरवलेला बॉल शोधायला तीन मिनिटं मिळतात, आपल्याकडं तीन मिनिटात माणूस सापडत नाही. याला 'मिस्ट गोल्फ' नाव द्या अन् बॉलचे पैसे वेगळे लावा.

जनावरांचं टेन्शन घेऊ नका, उलट याच्यात आपल्या शेतकऱ्यानं शिकण्यासारखं हाये. हिरवं गवत दिसलं की रोही म्हणजे नीलगाय येणार, रानडुक्कर रात्री येऊन अख्खं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, उकरणार, वानरं बॉल उचलून झाडावर बसणार. पण गोल्फचा नियम काय सुंदर हाये बघा, पडलेला बॉल जनावरानं हलवला किंवा उचलून नेला तर खेळणाऱ्याला दंड नाही, बॉल मूळ जागी ठेवायचा, तो नाही मिळाला तर दुसरा ठेवायचा, अन् पुढं खेळायचं. ना अर्ज, ना पंचनामा, ना सातबारा, ना 'साहेब दौऱ्यावर गेले'. इकडं आपल्या हरभऱ्यात डुकरं पडली तर भरपाईसाठी माणूस कागदं घेऊन फिरते अन् थंडीत मचाणावर जागल करते. मी म्हणतो वावराला पण गोल्फ कोर्स म्हणून नोंदवून टाका, डुकरानं खाल्लं ते मूळ जागी ठेवून द्या म्हणावं.

जेवणाकडं येऊ, कारण खरा पाव्हणा गोल्फला येत नाही, जेवायला येतो, गोल्फ बायकोला अन् ऑफिसला सांगायला असतो.

बहिरमची यात्रा तुम्हाला माहीत हाये. डिसेंबरच्या विशीपासून महिन्याच्या वर चालते, सातपुड्याच्या पायथ्याला, परतवाडा-बैतूल रोडवर. मातीच्या हंडीत मटण, लाकडाचा जाळ, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वर तूप, बाजूला वांग्याची भाजी, बसायला जमीन न् हात धुवायला बिसलेरीची अर्धी बाटली. अख्खा अमरावती जिल्हा तिथं जेवून येते अन् कोणी मेन्यू कार्ड मागत नाही. हे जेवण विकायचं असेल तर आधी ते थोडं बिघडवावं लागते. तिखट अर्धं करा, तर्री वरून काढून घ्या, हंडी एका माणसापुरती म्हणजे लोणच्याच्या बरणीएवढी ठेवा. रोडग्याचे चार तुकडे करून लाकडी फळीवर उभे करा न् नाव द्या 'एम्बर-बेक्ड सातपुडा ब्रेड'. निखारा कशाचा असं विचारलं तर 'लोकल ऑरगॅनिक फ्युएल' म्हणा, गोवरी म्हणू नका, खाताना म्हणू नका निदान. ठेचा चमच्यात द्या, चमचा मोठ्या प्लेटमध्ये, प्लेटला डाग लावा मुद्दाम. मांडे करणारी मावशी मिळाली तर सोन्याहून पिवळं, उपड्या मडक्यावर ती हातावरची रोटी फिरवून टाकते तेव्हा पाव्हणे मोबाईल काढतात, तिला सांगून ठेवा की व्हिडिओ नीट आला नाही तर परत टाकायची.

कुटकी, कोदो विसरू नका. कोरकूंच्या ताटात कुटकीचा भात होता तेव्हा तालुक्याच्या ठिकाणचे लोक त्याला गरिबाचं खाणं म्हणत, रेशनचा तांदूळ आला तशी कुटकी मागं पडत गेली, मग २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं अन् कुटकी एकदम शहाणी झाली. आता ती सॅलडमध्ये जाते. गावातून ज्या भावानं घ्याल तो विचारू नका कोणी, पण मेन्यूवर भाव लिहिताना हात थरथरू देऊ नका. मोथा गावाकडचा खवा, तिथलीच स्ट्रॉबेरी, चिखलदऱ्याची कॉफी, राज्यात कॉफी पिकवणारं थंड हवेचं ठिकाण म्हणून नाव हाये त्याचं, हे सगळं एका काचेच्या ग्लासात थरावर थर टाकून द्या, कोणाला चव नाही कळली तरी फोटो येतो.

मोहाचं जरा सांभाळून. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे टोपल्या घेऊन फुलं वेचायला जातात, तो फोटो भिंतीवर लावा, ब्लॅक अँड व्हाइट. त्याच फुलाची घरी काढली तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यात पोट्टा आत जाते. तुम्ही लायसन काढा, तळहातावर मावेल असा ग्लास घ्या, वर पुदिन्याचं पान ठेवा, मग ती दारू राहत नाही, 'हेरिटेज' होते.

गेटजवळ एक चूल बांधा अन् तिच्यापुढं एक म्हातारी बसवा, नऊवारीतली. स्वयंपाक आत गॅसवरच होईल, पण म्हातारी बाहेर पाहिजे. पाव्हणे विचारतील, 'आजी, हे ऑरगॅनिक आहे का?' ती म्हणेल, 'वावरातलं हाय बाप्पा.' एवढ्यावर तिची नोकरी. जास्त बोलायला लागली, म्हणजे नातू, शाळेतला मास्तर, दवाखाना किती लांब, असं, तर तिला लाटणं द्या.

नावाचं पण बघून घ्या. 'मेळघाट' टाकून सर्च केलं की वाघाच्या बाजूलाच कुपोषण येते, नव्वदच्या दशकापासून येऊनच राहिलं. 'अनलिमिटेड बुफे' अन् ते एका पानावर बरं दिसत नाही. म्हणून ब्रोशरवर 'सातपुडा हिल्स' छापा. नेटवर्क नसलं तर 'डिजिटल डिटॉक्स', लाइट गेली तर 'कँडल डिनर'. हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून पेपरात झळकलं होतं, धारणीच्या रस्त्यात लागते, पाव्हण्याला तिथं सेल्फी काढू द्या, रेंज असली तर अपलोड होईल.

अन् शेवटी रिव्ह्यू. पाच स्टार द्या म्हणून मागं लागा, तरी एखादा खडूस निघतोच. तो लिहील, 'प्रॉपर्टी छान, रोडगे ओके, पण पहाटे पाच वाजता बाजूच्या गावातून भांड्यांचा आवाज येतो, झोप होत नाही.' घाबरू नका, लगेच उत्तर टाका: 'सर, टँकरचा नंबर लावायला बाया हंडे घेऊन येतात, पहाटेचा हा लोकल साउंड एक्सपिरियन्स आम्ही पॅकेजमध्ये फ्री दिलेला आहे, पुढच्या वेळी स्विमिंग पूलच्या बाजूची खोली घ्या, तिथं ऐकू येत नाही.'